ज्यांची नोंदच झाली नाही
मानसिक आघातावरील उपचार, संशोधन आणि समलिंगी व पारलिंगी रुग्ण

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत मानसोपचार व समुपदेशन विभागाच्या वतीने करण्यात आलेले भाषण)



वर्षभरात तपासलेले रुग्ण, झालेल्या शस्त्रक्रिया, भरविलेली शिबिरे आणि जमाखर्च यांचा तपशील आम्ही दरवर्षी या सभेत आपल्यापुढे ठेवतो. तो अहवालाच्या पुढील पानांवर याही वर्षी दिलेला आहे. आमच्या विभागाला मिळालेल्या या थोड्या वेळात, नोंदवहीत जे रुग्ण दिसत नाहीत त्यांच्याविषयी बोलण्याची अनुज्ञा आम्ही मागत आहोत. मारहाण, अत्याचार, अपघात, आपत्ती यांमुळे मनाला बसलेल्या आघातावर आज चांगले उपचार उपलब्ध आहेत. हे उपचार ज्या संशोधनावर उभे आहेत, त्यात समलिंगी, उभयलैंगिक आणि पारलिंगी म्हणजेच आपण ज्यांना तृतीयपंथी म्हणतो त्या व्यक्तींना कितपत स्थान मिळाले, आणि आपल्यासारख्या ग्रामीण रुग्णालयाने त्यातून काय घ्यावे, हा आजचा विषय आहे. विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील याची आम्हांस कल्पना आहे. आपण शांतपणे ऐकून घ्यावे, एवढीच विनंती.

भूकंपाने शिकविलेला धडा

मानसिक आघात म्हणजे काय, हे या जिल्ह्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणपती विसर्जनाची रात्र सरत असताना, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हादरली. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. किल्लारीचे नाव जगभर झाले. परंतु सास्तूर, राजेगाव, होळी, पेठसांगवी ही तेव्हाच्या उमरगा तालुक्यातील गावेही तितकीच उद्ध्वस्त झाली. पत्र्याच्या शेडमध्ये राहणारी माणसे रात्री छताखाली झोपेनात, ट्रक गेला तरी दचकून उठत, आणि कित्येकांनी वर्षानुवर्षे त्या पहाटेविषयी चकार शब्द काढला नाही. आज सभागृहात बसलेल्यांपैकी अनेकांच्या घरची ही हकीकत आहे.

त्या काळात या भागात मानसिक आरोग्याचा शास्त्रीय अभ्यासही झाला. डॉ. प्रताप शरण व त्यांच्या सहकाऱ्यांनी भूकंपातून वाचलेल्या ४२ व्यक्तींच्या तपासणीवर आधारलेला निबंध १९९६ साली एका मान्यवर अमेरिकी मानसोपचार नियतकालिकात प्रसिद्ध केला. तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक व्यक्तींना मानसिक विकार असल्याचे आढळले. त्यांत आघातोत्तर ताणाचा विकार आणि तीव्र नैराश्य यांचे प्रमाण मोठे होते. ग्रामीण भारतातील माणसाचे मनही आघाताने मोडते आणि त्याला उपचार लागतात, हे अशा अभ्यासांमुळे शासनदरबारी व वैद्यकविश्वात मान्य होण्यास मदत झाली. मोजणी झाली म्हणून मदतीचा विचार झाला, हा त्यातला धडा आहे.

त्याच धड्याची दुसरी बाजू आम्हांस आता जाणवते. भूकंपानंतरची सारी मोजणी कुटुंब धरून झाली. पुनर्वसित गावांतील घरे कुटुंबाच्या जमिनीच्या प्रमाणात, २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची, देण्यात आली. त्या संकटात याहून सोपी पद्धत कोणाला सुचली नसती, आणि त्या काळी राबलेल्या यंत्रणेचे श्रम कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. परंतु ज्याला घरच्यांनी आधीच घराबाहेर काढले होते, ज्याचे नाव शिधापत्रिकेवर नव्हते, जो परडी घेऊन जोगव्यावर जगत होता, अशा माणसाचे दुःख कुटुंबाच्या यादीत कोठे बसणार होते? अशी माणसे तेव्हाही या गावांत होती. तुळजापूरच्या आणि येरमाळ्याच्या यात्रेत लुगडे नेसून, कवड्यांची माळ घालून नाचणारा आराधी आपण सर्वांनी पाहिला आहे. देवीच्या दारात त्याला मान मिळतो. रुग्णालयाच्या दारात त्याला कोणत्या रांगेत उभे करावे, हे मात्र आपणांस अद्याप ठरविता आलेले नाही.

तमिळनाडूत हा प्रश्न पुढे नोंदला गेला. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर चमन पिंचा यांनी केलेल्या अभ्यासात तेथील ‘अरवाणी’, म्हणजे तृतीयपंथी, समुदायाची हकीकत आली आहे. मदतीच्या याद्या कुटुंबाच्या आणि स्त्री-पुरुष या दोन रकान्यांच्या असल्याने ही माणसे मृतांच्या मोजणीतून आणि मदतीच्या वाटपातूनही गळाली. आपल्या भूकंपानंतर असा अभ्यास करण्याचे कोणाच्या मनात आले नाही.

उपचारांचे शास्त्र कोणावर घडले

आता थोडे शास्त्राकडे वळू. आघातोत्तर ताणाचा विकार हे निदान अमेरिकी मानसोपचार संघटनेने १९८० साली आपल्या निदानपुस्तिकेत प्रथम स्वीकारले. व्हिएतनाम युद्धाहून परतलेल्या सैनिकांच्या यातना त्यामागे होत्या. समलैंगिकता हा आजार नाही, असे याच संघटनेने १९७३ साली जाहीर केले होते. तरीही स्वतःच्या समलैंगिकतेमुळे अस्वस्थ असणे हा विकार म्हणून १९८० च्या त्याच पुस्तिकेत राहिला आणि १९८७ साली वगळला गेला. म्हणजे ज्या ग्रंथाने सैनिकाच्या जखमेला नाव दिले, त्याच ग्रंथाने समाजाच्या छळाने खचलेल्या समलिंगी माणसाची जखम त्याच्याच स्वभावाच्या माथी मारली.

पुढे आघातावरील उपचारपद्धती विकसित झाल्या. एड्ना फोआ यांनी आघाताच्या आठवणींना सुरक्षित वातावरणात टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्याची पद्धत रुजविली. फ्रान्सिन शपिरो यांनी १९८९ साली डोळ्यांच्या हालचालींचा उपयोग करणाऱ्या पद्धतीचा पहिला अभ्यास प्रसिद्ध केला. या पद्धतींनी असंख्य लोकांना उभे केले असून आमच्या विभागातही त्यांतील तत्त्वे वापरली जातात. यांच्या अनेक चाचण्या माजी सैनिकांवर आणि लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांवर झाल्या. त्या काळी अमेरिकी सैन्यात समलिंगी असल्याचे उघड झाले तर नोकरी जात असे; ते बंधन २०११ साली पूर्णतः उठले. तेव्हा सैनिकांवरील जुन्या अभ्यासांत अशी माणसे नव्हती असे नव्हे. ती असणारच, परंतु खरे सांगणे त्यांना परवडणारे नव्हते आणि विचारणाऱ्यांनीही विचारले नाही.

विचारले जात नाही, हा दोष पुढेही टिकला. चिंता व नैराश्य यांवरील उपचारांच्या चाचण्यांचा एक व्यापक आढावा २०१७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. सहभागी रुग्णांचा लैंगिक कल वा लिंगओळख नोंदविणाऱ्या चाचण्या त्यात जवळपास सापडल्याच नाहीत. वयासारख्या माहितीची नोंद होती; ही नव्हती. दुसरीकडे, अँड्रिया रॉबर्ट्स व सहकाऱ्यांनी २०१० साली अमेरिकेतील मोठ्या राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या आधारे दाखवून दिले होते की, समलिंगी व उभयलैंगिक व्यक्तींच्या वाट्याला बालपणापासून हिंसा अधिक येते आणि आघातोत्तर ताणाच्या विकाराचा धोकाही त्यांना लक्षणीयरीत्या अधिक असतो. ज्यांना या उपचारांची गरज अधिक, त्यांच्यावर त्यांचा गुण कसा येतो हेच पुरेसे तपासलेले नाही, अशी ही विचित्र परिस्थिती आहे.

नोंद नसल्याने व्यवहारात काय बिघडते, याची दोन उदाहरणे देतो. आघातानंतर मनुष्य बाजार, बस, गर्दी टाळू लागतो. उपचारात आपण त्याला हळूहळू तेथे जाण्यास शिकवितो, कारण धोका आता टळलेला असतो आणि भीती तेवढी उरलेली असते. परंतु ज्या तृतीयपंथी व्यक्तीला बसस्थानकावर आजही खरोखरच मार बसतो, तिला ‘भीती निराधार आहे’ असे सांगणे हा उपचार होत नाही. तेथे आधी सुरक्षिततेचा विचार करावा लागतो. दुसरे उदाहरण कुटुंबाचे. आपल्याकडे रुग्णाचा सर्वांत मोठा आधार म्हणजे घर, आणि आम्हीही औषधांपासून पथ्यापर्यंत सर्व काही नातेवाइकांवर सोपवितो. आघात घरातच झाला असेल, तर हाच आधार उलटतो.

भारतातील चित्र

आपल्या देशात या माणसांवरील संशोधन दीर्घकाळ एकाच वाटेने चालले. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ३७७ मुळे समलिंगी संबंध हा गुन्हा होता. नव्वदच्या दशकात एचआयव्हीची साथ वाढल्यावर समलिंगी पुरुष आणि तृतीयपंथी यांची मोजणी सुरू झाली, ती ‘जोखमीचा गट’ म्हणून. रक्ताचा नमुना घेतला गेला. मन कोणी फारसे पाहिले नाही. समलिंगी स्त्रिया तर त्या मोजणीतही आल्या नाहीत.

ही उणीव भरून काढण्याचे मोलाचे काम महाराष्ट्रात झाले, हे आम्ही अभिमानाने नमूद करतो. मुंबईत १९९४ साली हमसफर ट्रस्ट आणि पुण्यात २००२ साली बिंदुमाधव खिरे यांचा समपथिक ट्रस्ट स्थापन झाला. खिरे यांनी मराठीतून या विषयावर सातत्याने लेखन केले. केतकी रानडे यांनी पश्चिम भारतात समलिंगी पुरुषांना ‘बदलण्यासाठी’ केल्या जाणाऱ्या उपचारांचा अभ्यास केला आणि वैद्यकक्षेत्रापुढे आरसा धरला. मुंबईच्या ‘लेबिया’ या गटाने २०१३ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. जन्मतः मुलगी म्हणून नोंद झालेल्या, परंतु समाजाच्या चौकटीत न बसणाऱ्या ५० व्यक्तींच्या मुलाखती त्यात आहेत. घर, शाळा, नोकरी अशा प्रत्येक ठिकाणची हिंसा त्यातून समोर येते. संख्येने लहान असलेल्या या अभ्यासाने मोठमोठ्या चाचण्यांनी न विचारलेले प्रश्न विचारले.

कायदाही बदलला. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथी व्यक्तींच्या ओळखीला मान्यता दिली आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. २९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ नुसार उपचार देताना लिंग वा लैंगिक कल यांवरून भेदभाव करता येत नाही. लैंगिक कल ‘बदलण्याचे’ उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली राज्य वैद्यकीय परिषदांना कळविले. २०११ च्या जनगणनेत ‘इतर’ या रकान्यात महाराष्ट्रात ४०,८९१ व्यक्तींची नोंद झाली होती. हा आकडा म्हणजे ज्यांनी सांगण्याचे धैर्य केले त्यांचा आकडा होय.

आमच्या हातून झालेली चूक

हे सर्व मुंबई-पुण्याचे झाले. आपल्याकडे असे रुग्ण येत नाहीत, असे आम्हीही म्हणत असू. ते तसे का वाटत होते, हे एका प्रसंगाने उमगले. रुग्णाची ओळख कोणत्याही प्रकारे पटू नये म्हणून काही तपशील आम्ही बदलले आहेत.

काही वर्षांपूर्वी एका विशीतल्या मुलीला तिचे नातेवाईक आमच्याकडे घेऊन आले. दातखीळ बसते, शुद्ध हरपते, अंग ताठ होते, अशी तक्रार होती. देवऋषी करून झाला होता. मेंदूच्या तपासणीत दोष निघाला नाही. मोठा भाऊ सारी माहिती सांगत होता. ती मान खाली घालून बसली होती. ‘लग्न ठरते आहे, त्याचे टेन्शन घेते,’ असे त्याने सांगितले. आम्ही ताणामुळे येणारे झटके असे निदान केले, गोळ्या लिहून दिल्या आणि ‘घरच्यांनी सांभाळून घ्यावे’ असा सल्ला दिला. केसपेपरवर नाव, वय, गाव, जात, ‘विवाहित की अविवाहित’ असे सारे रकाने व्यवस्थित भरले गेले. पुढच्या तारखेस ती आली नाही. नोंदवहीत ‘उपचार अर्धवट सोडला’ असा शेरा पडला.

आठ-नऊ महिन्यांनी गावच्या आशाताईंसोबत ती पुन्हा आली. या वेळी घरचे कोणी नव्हते. पहिला तास ती काहीच बोलली नाही. मग हळूहळू कळले ते असे. शाळेपासूनच्या मैत्रिणीवर तिचे प्रेम होते. ते उघड झाल्यावर भावाने तिला पट्ट्याने मारले आणि कित्येक दिवस शेतातल्या कोठीत कोंडले. मैत्रिणीचे घाईने लग्न लावून दिले. झटके त्या कोठीतून बाहेर आल्यानंतर सुरू झाले होते. मागच्या वेळी हे का सांगितले नाही, असे आमच्या समुपदेशक भगिनीने विचारले तेव्हा ती म्हणाली, “ज्यानं मारलं त्योच शेजारी बसला हुता, आन् तुमी समदं त्यालाच इचारीत हुता.”

त्या वाक्यानंतर आमच्या विभागाने मागील कागदपत्रे काढून पाहिली. पुन्हा न आलेल्या रुग्णांच्या प्रत्येक केसपेपरवर माहिती देणाऱ्याचे नाते लिहिलेले होते: वडील, भाऊ, पती, सासू. रुग्णाशी एकांतात बोलल्याची नोंद क्वचितच सापडली. जगातील मोठ्या संशोधनावर जो आक्षेप आम्ही आज घेतला, तोच आमच्या टेबलावरच्या वहीवर लागू होता. समलिंगी रुग्ण आमच्याकडे येत होते. आम्ही त्यांना ओळखण्याची सोय केली नव्हती, आणि नंतर ‘असे रुग्ण येत नाहीत’ हा निष्कर्ष त्याच वहीवरून काढीत होतो.

त्या मुलीचे उपचार पुढे वर्षभर चालले. झटके थांबले. घरच्यांशी समेट झाला असे आम्ही सांगू शकत नाही. ती आज दुसऱ्या शहरात नोकरी करते, एवढे कळविण्याची तिने आम्हांस परवानगी दिली आहे.

आम्ही काय बदलले

या अनुभवानंतर विभागाने काही नियम घालून घेतले. मानसोपचारासाठी येणाऱ्या प्रत्येक प्रौढ रुग्णाशी पहिल्याच भेटीत काही वेळ एकट्याने बोलावयाचे. नातेवाइकांना हा सर्वांसाठीचा नियम आहे असे नम्रपणे सांगावयाचे. रुग्ण जे नाव सांगेल त्याच नावाने त्यास हाक मारावयाची. तृतीयपंथी रुग्णास कोणत्या कक्षात ठेवावयाचे हे त्या व्यक्तीस विचारून ठरवावयाचे. कोणाचाही लैंगिक कल बदलण्याचा सल्ला वा उपचार द्यावयाचा नाही, मग घरच्यांनी कितीही गळ घातली तरी.

नोंदीच्या बाबतीत आम्ही जपून चाललो आहोत. संशोधनात या माणसांची गणना व्हावी असे आम्हांस मनापासून वाटते. परंतु २०११ च्या जनगणनेनुसार साडेसोळा लाख वस्ती असलेल्या या जिल्ह्यात बहुतेक गावांत सारे एकमेकांना ओळखतात. नोंदणी खिडकीवर मोठ्याने विचारलेला प्रश्न एखाद्याचे आयुष्य उद्ध्वस्त करू शकतो. म्हणून हा प्रश्न खिडकीवर विचारला जात नाही. समुपदेशक विश्वास बसल्यावर, एकांतात आणि उत्तर न देण्याची पूर्ण मोकळीक देऊन विचारतात. उत्तर नातेवाइकांच्या हाती जाणाऱ्या केसपेपरवर लिहिले जात नाही. पुढे कोणत्याही संस्थेच्या अभ्यासात आपला विभाग सहभागी झाला, तर या समुदायातील व्यक्तींना प्रश्नावली ठरवितानाच सोबत घ्यावे, अशी अट आम्ही घालणार आहोत.

येथे एक सावधगिरीही नमूद केली पाहिजे. समलिंगी वा पारलिंगी असणे म्हणजे आघातग्रस्त असणे नव्हे. पुष्कळ माणसे समाधानाने संसार करतात, कमावतात, आईवडिलांना सांभाळतात. आजार शोधण्याच्या भरात प्रत्येकात जखमच पाहू लागलो, तर १९८० च्या त्या पुस्तिकेचीच चूक आपण नव्या शब्दांत करू.

एक विनंती

शेवटी विश्वस्त मंडळास आणि देणगीदारांस एक विनंती. आमच्या विभागाचे समुपदेशन आज बाह्यरुग्ण विभागाच्या एका कोपऱ्यात, हिरव्या पडद्याआड चालते. पडद्यापलीकडे बाकावर रुग्णांचे नातेवाईक बसलेले असतात. आतला हुंदका बाहेर ऐकू येतो, आणि आत बसलेल्यालाही ते ठाऊक असते. एकांतात बोलावयाचे असा नियम आम्ही केला खरा; तो पाळण्यासाठी आम्ही कधी औषधभांडारात, तर कधी जिन्याखाली खुर्च्या टाकतो. येत्या वर्षी बाह्यरुग्ण विभागाच्या विस्ताराचे काम हाती घेतले जात आहे. त्यात समुपदेशनासाठी चार भिंतींची, आतून कडी लागणाऱ्या दाराची एक खोली असावी, एवढेच आमचे मागणे आहे. तेथे भूकंपात लेकरे गमावलेली आजीही बसेल, नापिकीने खचलेला शेतकरीही बसेल आणि ज्याला आजवर कोणत्याही रकान्यात जागा मिळाली नाही असा माणूसही बसेल.